धूर त्यांचा, हप्ते परभणीचे



परभणीच्या शेतकऱ्याचे पंचांग पिढ्यान्‌पिढ्या नक्षत्रांवर चालत आले आहे. रोहिणीत रान तयार व्हावे, मृगात पेरणी व्हावी, आर्द्रा-पुनर्वसूने पीक उभे करावे, मघा-पूर्वांनी विहिरी भराव्यात आणि जाता जाता हस्ताच्या पावसाने काळ्या रानात रब्बी ज्वारीपुरती ओल ठेवून जावे, असा हा क्रम. हा क्रम कधी चुकत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे आजही या जिल्ह्यातील गावोगावी आहेत. मात्र दुष्काळ तेव्हा अपवाद होता. नियम कोणता हे शेतकऱ्याला ठाऊक होते, म्हणून अपवादही ओळखता येत असे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत नियमच हरवला आहे.

ही मालिका नीट पाहण्यासारखी आहे. २०१२ च्या पावसाने दगा दिला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, काढणीला आलेल्या गहू, हरभरा आणि ज्वारीवर मराठवाडाभर गारांचा मारा झाला. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षीही पावसाळा कोरडा गेला. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये अतिवृष्टी झाली. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांतील उभी पिके पाण्याखाली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर जायकवाडीतून गोदावरीत तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या गोदाकाठच्या तालुक्यांनी नदीचे रौद्र रूप पाहिले. ज्या धरणात नऊ वर्षांपूर्वी थेंब उरला नव्हता, त्याच धरणाचे पाणी आता पोटात मावेना.

दुष्काळात पीक वाळते, अतिवृष्टीत कुजते. शेतकऱ्याच्या हाती दोन्ही वेळा काहीच लागत नाही. सोयाबीनची शेंग भरली, चार दिवसांत काढणी करायची, आणि नेमका तेव्हाच पाऊस ठाण मांडून बसतो. झाडावरच शेंगांना कोंब फुटतात. पेरणीसाठी काढलेले पीककर्ज, उधारीवर आणलेले खत-बियाणे, मजुरीपोटी घेतलेली उचल हे सारे त्या कोंबांबरोबर सडून जाते. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. गावात म्हातारी माणसे आणि कुलूपबंद दारे उरतात, आणि शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. हवामानबदल हा शब्द जगाच्या परिषदांत गाजतो, त्याचा परभणीतील अर्थ हा असा आहे.

वाफ आणि काळी जमीन

यात दैवाचा भाग किती आणि मनुष्याच्या करणीचा किती, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. विज्ञानाचे उत्तर आता पुरेसे स्पष्ट आहे. कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू जाळल्याने कर्बवायू आकाशात साठतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. २०२४ हे वर्ष, मोजणी सुरू झाल्यापासूनचे जगातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून तापलेली हवा अधिक काळ पाणी अडवून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम ओतते. एकाच पावसाळ्यात महिनाभराचा खंड आणि एका रात्रीची अतिवृष्टी, दोन्ही का दिसतात, त्याचे कारण यात आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने केंद्र सरकारने २०२० मध्ये भारतातील हवामानबदलाचा आढावा प्रसिद्ध केला. मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात नमूद आहे. याच सुमाराच्या काळात देशातील मोसमी पावसाचे एकूण प्रमाण मात्र सुमारे सहा टक्क्यांनी घटले. पाऊस थोडा कमी झाला, पण जो पडतो तो झोडपून काढतो.

त्यातच परभणीची जमीन काळी, भारी, चिकण. पाण्याचा खंड पडला की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी जास्त झाले की तिच्यातून निचरा होत नाही आणि मुळे गुदमरतात. एकेकाळी हीच जमीन या भागाचे वैभव होती, कारण एकदा घेतलेली ओल ती महिनोन्‌महिने जपत असे. मायेने ओल जपणारी ही माती नव्या पावसाच्या लहरीपुढे हतबल झाली आहे.

ताळेबंद कोणाचा?

प्रश्न असा की हा धूर कोणाचा? १८५० पासून आजवर जगाने जेवढा कर्बवायू हवेत सोडला, त्याचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. युरोपीय संघ आणि ब्रिटन यांचा मिळून सुमारे पाचवा हिस्सा. भारताचा वाटा तीन-चार टक्के, आणि भारताची लोकसंख्या जगाच्या सतरा-अठरा टक्के. अमेरिकेची लोकसंख्या जगाच्या अवघी चार टक्के. ज्यांच्या कारखान्यांची धुराडी दीडशे-दोनशे वर्षे अखंड पेटती राहिली, त्यांच्या त्या यंत्रयुगाला वऱ्हाड-खानदेशाचा कापूसही लागला. भारताच्या घरी मात्र त्या युगाने हातमाग मोडले आणि दुष्काळ ठेवले. संपत्ती तिकडे जमली, धूर मात्र साऱ्या जगाच्या डोक्यावर पसरला.

आजचा हिशेबही वेगळा नाही. एक अमेरिकी नागरिक वर्षाला सरासरी सुमारे १४ टन कर्बवायू हवेत सोडतो, भारतीय माणूस सरासरी सुमारे दोन टन. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. राष्ट्रीय सरासरी धरली तरी साऱ्या जिल्ह्याचा धूर अमेरिकेतील अडीच-पावणेतीन लाख वस्तीच्या एका मध्यम शहराएवढाच भरतो. आणि परभणीचा कोरडवाहू शेतकरी, गंगाखेडचा ऊसतोड मजूर किंवा जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातील शेळ्या राखणारी बाई राष्ट्रीय सरासरीइतकाही धूर करीत नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ नको. ज्या घरात एक पंखा, दोन दिवे आणि कधीमधी चालणारा कृषिपंप, त्या घराने पृथ्वी किती तापवली असेल?

तरीही झळ पहिली तिथेच पोचते. श्रीमंत देशात अतिवृष्टी झाली तर विमा कंपनी भरपाई देते, महिन्याभरात रस्ते उभे राहतात. परभणीत अतिवृष्टी झाली की मुलीचे लग्न पुढे ढकलले जाते, बैलजोडी बाजारात जाते, आणि काही घरांत तर कर्ता माणूसच स्वतःचे जीवन संपवतो. एकाच आभाळाखाली दोन न्याय चालतात ते असे.

आश्वासनांची तीस वर्षे

जगाला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९९२ मध्ये रिओ येथे हवामानबदलाविषयीचा करार झाला तेव्हाच, जबाबदारी सर्वांची असली तरी ती प्रत्येकाच्या कर्तृत्वानुसार आणि कुवतीनुसार वेगवेगळी राहील, हे तत्त्व साऱ्या राष्ट्रांनी मान्य केले. १९९७ मध्ये क्योटो येथे विकसित देशांनी १९९० च्या तुलनेत सरासरी ५.२ टक्के कपात करण्याचे बंधन स्वीकारले. परंतु त्याच वर्षी, क्योटोची बैठक भरण्यापूर्वीच, गरीब देशांवर बंधन नसलेला करार नको, असा ठराव अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. २००१ मध्ये अमेरिकेने क्योटो कराराकडे पाठ फिरवली. २०११ मध्ये कॅनडाही त्यातून बाहेर पडला.

२००९ मध्ये कोपेनहेगन येथे नवे वचन मिळाले. २०२० पर्यंत दरवर्षी १० हजार कोटी डॉलर गरीब देशांसाठी उभे केले जातील, असे ते वचन. आर्थिक सहकार्य व विकास संघटना ही श्रीमंत देशांचीच संस्था. तिच्याच हिशेबानुसार ही रक्कम प्रथम २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा गाठली गेली. त्यातील सार्वजनिक निधीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कर्जाच्या रूपात होता. दिलेले कर्ज मदतीच्या रकान्यात लिहायचे, ही हिशेबाची नवीच पद्धत म्हणायची.

२०१५ मध्ये पॅरिसचा करार झाला. अमेरिका त्यातून २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश तिच्या राष्ट्राध्यक्षांनी काढला. इजिप्तमध्ये २०२२ साली हानी-नुकसान भरपाई निधीची कल्पना मान्य झाली, दुबईत २०२३ मध्ये तो सुरू झाला. साऱ्या जगासाठीच्या या निधीला तेव्हा मिळालेली आश्वासने सुमारे ७० कोटी डॉलरची. त्यात अमेरिकेचा वाटा १ कोटी ७५ लाख डॉलर. २०२५ मध्ये त्या निधीच्या मंडळातूनही अमेरिकेने अंग काढून घेतले. तुलनेसाठी एवढेच पाहावे की, ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने अतिवृष्टिग्रस्तांसाठी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. डॉलरच्या भाषेत ते साडेतीनशे कोटींच्या घरात जाते. एका राज्याने एका हंगामासाठी जाहीर केलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्श्याएवढीच आश्वासने साऱ्या श्रीमंत जगाने मिळून साऱ्या गरीब जगासाठी दिली होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे विकसनशील देशांनी दरवर्षी १ लाख ३० हजार कोटी डॉलरची मागणी केली. पदरात पडले ते २०३५ पर्यंत दरवर्षी ३० हजार कोटी डॉलर उभारण्याचे उद्दिष्ट, तेही खासगी गुंतवणूक आणि कर्जे धरून. भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत हा ठराव नाकारला आणि या रकमेला दृष्टिभ्रमापेक्षा अधिक किंमत नाही, असे बजावले. दीनदुबळ्यांच्या बाजूने भारताने उठवलेला हा आवाज प्रत्येक भारतीयाने अभिमानाने लक्षात ठेवावा असा आहे.

नानाजींच्या नावाची योजना

या जागतिक हिशेबाचे एक पान परभणीच्या गावागावांत उघडलेले आहे. नानाजी देशमुखांचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ रोजी कडोळी येथे झाला. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी हिंगोली १९९९ मध्ये वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. निजामी राजवटीतील या उपेक्षित भागातून निघालेल्या मुलाने पुढे गोंड्यात बांबूच्या नलिकांच्या कूपनलिका उभ्या केल्या, चित्रकूटच्या परिसरातील गावे स्वावलंबी करण्यासाठी समाजशिल्पी दांपत्ये पाठवली, आणि प्रत्येक हाताला काम व प्रत्येक शेताला पाणी हे ध्येय मानून आयुष्य वेचले. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देऊन राष्ट्राने कृतज्ञता व्यक्त केली.

महाराष्ट्र शासनाने हवामानबदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठी २०१८ मध्ये जो मोठा प्रकल्प हाती घेतला, त्याला नानाजींचेच नाव दिले : नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. मराठवाड्याचे आठही जिल्हे, विदर्भातील सहा आणि जळगाव अशा १५ जिल्ह्यांतील सुमारे ५,१०० गावे पहिल्या टप्प्यात घेतली गेली. परभणी जिल्हा त्यात आहे. शेततळी, ठिबक आणि तुषार संच, फळबागा, शेडनेट, बीजोत्पादन, शेतकरी गटांना अवजारे आणि गोदामे अशी कामे झाली. गावाच्या पाण्याचा ताळेबंद गावानेच मांडावा आणि ग्राम कृषी संजीवनी समितीने निर्णय घ्यावा, ही त्यातील दृष्टी नानाजींच्या विचाराला धरून होती. काही गावांत कामे उत्तम उभी राहिली, काही ठिकाणी ढिलाई झाली. मानवी व्यवहारात असे होतेच. प्रकल्पाचे मोल त्याने कमी होत नाही.

पण या प्रकल्पाचा पैसा कोठून आला, हेही पाहिले पाहिजे. एकूण खर्च सुमारे ४ हजार कोटी रुपये. त्यातील सुमारे ७० टक्के, म्हणजे ४२ कोटी डॉलर, हे जागतिक बँकेचे कर्ज. उरलेले राज्याच्या तिजोरीतून. दुसऱ्या टप्प्याचा डोलाराही मुख्यतः कर्जावरच उभा आहे. कर्ज सवलतीच्या दराचे असेल, मुदत दीर्घ असेल, बँकेने सद्‌भावाने दिले असेल. तरी ते कर्ज आहे. त्याचे मुद्दल आणि व्याज याच देशाच्या करदात्याने फेडायचे आहे. त्या करदात्यांत खतावर, डिझेलवर, कापडावर कर भरणारा सेलू-मानवतचा शेतकरीही आला.

साऱ्या जगाच्या हवामान-वित्ताचे मर्म या एका उदाहरणात सामावलेले आहे. एखाद्याने शेजाऱ्याच्या गंजीला आग लावावी, आणि विझवण्यासाठी बादली हवी असेल तर ती व्याजाने देतो असे म्हणावे. वर त्या बादलीची नोंद दानधर्माच्या वहीत करावी. गावातल्या कोणत्याही पंचाने असा निवाडा मान्य केला नसता. जगाच्या पंचायतीत मात्र तो तीस वर्षे चालू आहे.

मागणी न्यायाची

म्हणून श्रीमंत राष्ट्रांपुढे काही गोष्टी निःसंदिग्ध शब्दांत मांडल्या पाहिजेत. पहिली ही की, हवामानबदलाला तोंड देण्यासाठी गरीब समाजांना जो पैसा लागतो तो अनुदान म्हणून मिळाला पाहिजे. सौरऊर्जेचा कारखाना कर्ज काढून उभा करता येईल, कारण त्यातून उत्पन्न येते. परंतु शेताचा बांध, गावाचा नाला, पूररेषेतल्या वस्तीचे पुनर्वसन यांतून व्याज फेडण्याजोगे उत्पन्न निघत नाही. तेथे कर्ज देणे म्हणजे संकटाचीच सावकारी करणे होय.

दुसरी, हानी-नुकसान भरपाईचा निधी नावापुरता न राहता बांधापर्यंत पोचला पाहिजे. आज हा पैसा मागायचा तर जाडजूड प्रस्ताव, सल्लागारांचे अहवाल आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. गोदावरीचा पूर प्रस्तावाची वाट पाहत नाही.

तिसरी, तंत्रज्ञान. पाण्याचा ताण आणि पाण्याची दलदल दोन्ही सहन करणारे वाण, अचूक स्थानिक अंदाज देणारी यंत्रणा, वीज साठवणारी साधने यांच्यावर स्वामित्वाचे कुंपण घालून नफा कमावण्याची ही वेळ नव्हे.

चौथी, कराच्या भिंती. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा आयात मालावर कर्बवायूच्या हिशेबाने आकार लावण्याची व्यवस्था पूर्णपणे अमलात आणली आहे. ज्यांनी धूर करून संपत्ती मिळवली, त्यांनीच आता उशिरा उद्योग उभारणाऱ्यांकडून धुराचा कर वसूल करावा, हा उलटा न्याय आहे. निदान हा पैसा तरी युरोपच्या तिजोरीत न राहता तापलेल्या देशांतील शेतीसाठी परत आला पाहिजे.

या मागणीला आता न्यायालयाचाही आधार आहे. पॅसिफिक महासागरातील बेटांवरच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला आणि वनुआतूसारख्या चिमुकल्या देशाने जगापुढे नेलेला प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर गेला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिले की, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्याच्या भंगातून नुकसानभरपाईची जबाबदारीही उद्‌भवू शकते. हे मत सल्लावजा आहे, बंधनकारक नाही. तरीही समुद्रात बुडू पाहणाऱ्या बेटांचा शब्द महासत्तांच्या शब्दापेक्षा जड ठरला, ही घटना साधी नाही.

आक्षेपांची उत्तरे

आक्षेप घेतले जातील. भारत आज कर्बवायू सोडणाऱ्या देशांत तिसऱ्या क्रमांकावर आहे, हा पहिला आक्षेप. ते खरेही आहे, पण तो आकडा १४० कोटी माणसांचा आहे. माणशी हिशेब वर दिलाच आहे. शिवाय भारत हात बांधून बसलेला नाही. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचा पुढाकार भारताने घेतला. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म इंधनाशिवाय उभी करण्याचे २०३० साठीचे उद्दिष्ट भारताने २०२५ मध्येच, पाच वर्षे आधी गाठले. दिलेला शब्द पाळणाऱ्यालाच दुसऱ्याला शब्दाची आठवण करून देण्याचा अधिकार असतो, आणि तो भारताने कमावला आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. भारतातही श्रीमंत आहेत, त्यांच्या गाड्या आणि वातानुकूलित महाल परभणीच्या आभाळाखालीच धूर सोडतात. जगातील सर्वांत वरच्या दहा टक्के कुटुंबांच्या उपभोगातून घरगुती उत्सर्जनाचा ३४ ते ४५ टक्के भाग येतो, असे आंतरसरकारी हवामान मंडळाचा सहावा अहवाल सांगतो; या दहा टक्क्यांत काही भारतीयही आहेत. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची मांडणी केली. सृष्टीचे शोषण न करता दोहन करावे, आणि विकासाची कसोटी रांगेतल्या शेवटच्या माणसावर लावावी, ही त्या विचाराची शिकवण. जी कसोटी न्यूयॉर्कला, तीच मुंबई-पुण्याला. अंत्योदयाचा आग्रह परदेशात धरायचा आणि घरी भोगवाद पोसायचा, हे या विचाराच्या अनुयायांना शोभणारे नाही.

घरचे कर्तव्य

श्रीमंत राष्ट्रांकडे न्याय मागताना गावाने हातावर हात ठेवून बसावे, असेही नाही. परभणीचेच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून कोरडवाहू शेतीचे ज्ञान जमवत आले आहे. रुंद वरंबा-सरीवर पेरलेले सोयाबीन पावसाच्या खंडात ओल धरते आणि अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून काढून देते. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घेतल्या, तर एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. परभणी मोती, परभणी ज्योती ही ज्वारीची वाणे याच मातीत निपजली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरे गेली, जनावरे गेली तसे शेणखत गेले, आणि जमिनीचा कस उतरला. ही साखळी जेथे तुटली तेथूनच पुन्हा जोडावी लागेल. नाल्यांचे खोलीकरण, बांधावरची झाडे, विहिरींचे पुनर्भरण, आणि पाणी नसताना उसाचा हव्यास न धरणे, हे सारे गावाच्या हातात आहे.

संघटनेचे काम येथे सुरू होते. प्रत्येक गावात पाच-दहा तरुण एकत्र आले, त्यांनी पावसाची नोंद ठेवली, पंचनाम्याच्या वेळी शेतकऱ्याबरोबर उभे राहिले, स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी गावातच राहण्याची आणि शिकण्याची सोय केली, तर सरकारी योजनेतही प्राण येतो. नानाजींनी चित्रकूटमध्ये हेच दाखवून दिले. पैसा बाहेरून येऊ शकतो. गावाचे मन बाहेरून आणता येत नाही. आणि अशी शिस्तीने ठेवलेली नुकसानीची नोंद उद्या भरपाईच्या दाव्यात सर्वांत मोठा पुरावा ठरेल, हेही विसरता कामा नये.

ऋणाचा खरा अर्थ

हिंदू जीवनदृष्टीत ऋण या शब्दाला बँकेच्या वहीपलीकडचा अर्थ आहे. माणूस जन्मतःच ऋणी असतो : देवांचा, ऋषींचा, पितरांचा, भूतमात्रांचा. रोजच्या पंचमहायज्ञात मुंगीचा, कावळ्याचा, अतिथीचा वाटा बाजूला काढून मगच घरच्यांनी जेवायचे, हा संस्कार या ऋणाच्या जाणिवेतून आला. अथर्ववेदातील भूमिसूक्ताने पृथ्वीकडे आईच्या नात्याने पाहिले. आईच्या अंगावरचे ओरबाडून घेणाऱ्याला कर्तबगार पुत्र म्हणत नाहीत. आणि एका भावाने ओरबाडावे, दुसऱ्याने उपाशी राहावे, असे घर फार काळ टिकत नाही.

या दृष्टीने पाहिले तर परभणी आज ऋणको नाही, धनको आहे. तिने आपल्या वाट्याचे आभाळ न मागता जगाला वापरू दिले. ज्यांनी ते वापरून घेतले त्यांच्या डोक्यावर हे ऋण चढलेले आहे, आणि भारत जेव्हा जागतिक व्यासपीठावर हक्काचा वाटा मागतो तेव्हा तो भीक मागत नसतो. थकलेल्या येण्याची आठवण करून देत असतो. ही आठवण दिल्लीने जशी द्यायची, तशी गल्लीनेही द्यायची आहे. ग्रामसभांनी ठराव करावेत, विद्यापीठांनी नुकसानीचे शास्त्रीय अहवाल तयार करावेत, लोकप्रतिनिधींनी ते संसदेत मांडावेत, आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी तेथील लोकप्रतिनिधींना, त्यांच्या मतदार म्हणून, हा प्रश्न विचारावा. पुण्या-मुंबईतून आणि मराठवाड्यातूनही अमेरिका-युरोपात गेलेले अनेक जण तेथे मानाने नांदत आहेत. गोदाकाठच्या गावाची बाजू मांडण्यासाठी त्यांच्याइतका योग्य दूत दुसरा नाही.

पुढच्या मृगाला परभणीचा शेतकरी पुन्हा तिफण जुंपणार आहे. गेल्या हंगामाचे कर्ज डोक्यावर असेल, आभाळाचा भरवसा नसेल, तरी तो पेरणार आहे, कारण पेरणे हा त्याचा धर्म आहे. त्याच्या मागे गाव, राज्य आणि राष्ट्र उभे आहेच. ज्या जगाने त्याचे आभाळ बिघडवले, त्या जगानेही आता मूठभर बियाणे नव्हे, पुरता वाटा आणून त्याच्या बांधावर उभे राहिले पाहिजे. तोवर ही मागणी थांबता कामा नये.